वावडं आहे का, असं कुणी विचारलंच नाही!

दवाखान्यातला संगणक काय विचारतो आणि कसा विचारतो, ह्याच्याशी आपल्या घरच्या माणसांची गाठ आहे. एका छापील कागदावरच्या एका चुकीच्या शब्दावरून सुरू झालेली ही चौकशी.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सासूबाईंना लघवीला जळजळ होत होती, त्यातच थंडी वाजून ताप भरला. वय त्र्याहत्तर. "धन्याचं पाणी आणि बार्ली पुरे झाली, आता दाखवायलाच हवं," असं हे म्हणाले, आणि भर पावसात त्यांना रिक्षात घालून आम्ही एका खासगी रुग्णालयात नेलं. आमच्या कामोठ्याला दवाखान्यांचा तोटा नाही. सेक्टर कुठलाही घ्या, औषधाचं दुकान आणि डॉक्टरांची पाटी लागल्याशिवाय रस्ता संपत नाही.

काउंटरवरच्या मुलीनं नाव, वय, मोबाइल नंबर विचारला, टकटक बटणं दाबली आणि छापलेला कागद हातात दिला. दोन मिनिटांत काम! काय सोय झाली आहे हल्ली, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेजेचा डबा घेऊन गेले, तर सासूबाईंच्या अंगावर लाल चट्टे आणि ओठांवर फोड. घोटभर पेजही गिळवेना. डॉक्टर लगबगीनं आले. म्हणाले, "आजी, सल्फाची अ‍ॅलर्जी होती का तुम्हाला?"

सासूबाई म्हणाल्या, "अ‍ॅलर्जीबिलर्जी मला ठाऊक नाही हो. पण सल्फाच्या गोळ्या मला सोसत नाहीत. धाकट्याच्या वेळी वाईला असताना असंच तोंड भरून आलं होतं. आमच्या डॉक्टरांनी लाल शाईनं लिहून दिलं होतं, ह्या बाईंना पुन्हा ह्या गोळ्या द्यायच्या नाहीत म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

"मला विचारलं कुणी?"

डॉक्टरांनी ते औषध तात्काळ बंद केलं, दुसरं सुरू केलं, आणि आठवड्याभरात सासूबाई घरी आल्या. थोडक्यात निभावलं. घरी आल्यावर मी कागद लावत बसले होते. त्यात त्यांना दाखल करतानाचा तो छापील कागद मिळाला. नाव, वय, पत्ता सगळं बरोबर. आणि खाली एका ओळीत स्वच्छ छापलेलं : अ‍ॅलर्जी – नाही.

मैत्रिणींनो, त्या 'नाही'वरून माझी नजर हलेना. विचारलं नव्हतं, तर 'नाही' आलं कुठून?

रकाना भरल्याशिवाय पुढचं पान नाही

उरलेली पावती घ्यायला गेले तेव्हा त्या मुलीला मी विचारलंच. भांडायला नव्हे हं, नुसतं समजून घ्यायला. बिचारीनं पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. "ताई, हा चौकोन भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. 'हो' दाबलं तर आणखी सहा प्रश्न येतात. मागं रांग उभी असते. आम्ही 'नाही' दाबतो आणि पुढं जातो."

खरं सांगते, तिच्यावर रागावणं मला जमलं नाही. तिच्या जागी मी असते तर चार दिवसांनी मीही तेच केलं असतं.

गणपतीला आमचा भाचा आला होता. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. आरती झाल्यावर मोदक खाता खाता मी त्याला ही हकिगत सांगितली. तो म्हणाला, "मामी, ही चूक त्या मुलीची नाही, पडद्याची आहे. ज्यानं तो पडदा मांडला त्यानं दोनच दरवाजे ठेवले, 'आहे' आणि 'नाही'. तिसरा दरवाजा हवा होता, 'अजून विचारलेलं नाही' असा. तो नसला की खरं बोलायची सोयच उरत नाही."

मला एकदम पटलं. वर्गात एखादं पोर हजेरीला उत्तर देत नाही, म्हणजे ते गैरहजरच असतं असं थोडंच आहे? कधी ते पाणी प्यायला गेलेलं असतं. 'नाही' आणि 'माहीत नाही' ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. औषधाच्या बाबतीत तर ते अंतर जिवावर बेततं.

भाच्यानं मग मला एका सॉफ्टवेअरची गोष्ट सांगितली. त्याचं नाव 'ओपन एमआरएस', म्हणजे दवाखान्यातल्या रोग्यांच्या नोंदी ठेवणारी, सर्वांना खुली असलेली प्रणाली. तिच्यात अ‍ॅलर्जीच्या जागी तीन तऱ्हा आहेत. एक, अ‍ॅलर्जी आहे, यादी पाहा. दुसरी, विचारून खात्री केली आहे, कसलीही माहितीतली अ‍ॅलर्जी नाही. आणि तिसरी, अजून माहीत नाही. नवा रोगी आला की ह्या तिसऱ्या खान्यातच असतो. कुणीतरी विचारून तो बदलावा लागतो. एवढीशी गोष्ट! पण ती ज्याला सुचली, त्याला रांगेतली माणसं आणि काउंटरवरची मुलगी दोन्ही दिसली असली पाहिजेत.

भाजणीचं प्रमाण

'खुली' म्हणजे काय, हे मला आधी कळेना. भाचा संगणकाच्या भाषेत सांगू लागला, तेव्हा मी म्हटलं, "थांब रे, मला माझ्या भाषेत समजून घेऊ दे."

बाजारातून चकलीच्या भाजणीचं तयार पाकीट आणलं तर चकली होते. पण आत तांदूळ किती, हरभरा डाळ किती, उडीद किती, धने-जिरे किती, हे काही कळत नाही. चकली मऊ पडली तर आपण हात चोळत बसायचं. दुरुस्त काय करणार? उलट आईनं कागदावर प्रमाण लिहून दिलं असेल, तर चकली बिघडली तरी चुकलं कुठं ते शोधता येतं. घरात कुणाला उडीद चालत नसेल तर प्रमाण बदलता येतं. शेजारणीला कागद उतरवून देता येतो, आणि तिनं काही सुधारणा केली तर ती आपल्याला परत मिळते.

बहुतेक रुग्णालयांतलं सॉफ्टवेअर म्हणजे ते बंद पाकीट. एखादा रकाना बदलायचा तर कंपनीला सांगा, पैसे भरा, वाट पाहा. खुलं सॉफ्टवेअर म्हणजे प्रमाणाचा कागद. तो कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. परवान्यात तसं लिहूनच दिलेलं असतं.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्या शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तर त्या दचकल्या. "म्हणजे माझे रिपोर्ट कुणीही वाचणार?" तसं मुळीच नाही. भाजणीचं प्रमाण जगजाहीर झालं म्हणून आपला फराळाचा डबा काही कुणी उघडत नाही. खुला असतो तो सॉफ्टवेअरचा मजकूर. रोग्याच्या नोंदी कुलपातच राहतात, आणि त्या तशा ठेवणं हे त्या त्या रुग्णालयाचं काम. आपल्या देशात २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला आहे.

आणखी एक. खुलं म्हणजे फुकट असंही समजू नये. सॉफ्टवेअरची किंमत नसली तरी संगणक लागतात, वीज लागते, शिकवणारा आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. भाजणीचं प्रमाण फुकट मिळालं तरी दाणे विकतच आणावे लागतात, तसंच हे.

एल्डोरेटपासून गनियारीपर्यंत

ह्या ओपन एमआरएसचा जन्म कुठं झाला असेल? २००४ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस इथल्या रेगनस्ट्रीफ संस्थेचे दोन डॉक्टर, बर्क मॅमलिन आणि पॉल बायोंडिच, आफ्रिकेत केनियातल्या एल्डोरेट गावी गेले. तिथं एड्सच्या रोग्यांवर उपचार चालू होते, आणि रोग्यांची संख्या इतकी झपाट्यानं वाढत होती की नोंदींची जुनी, साधी व्यवस्था पुरी पडेना. हा रोग असा, की औषध जन्मभर घ्यायचं आणि एकही खंड पडता कामा नये. कोण आलं नाही, कुणाची गोळी संपत आली, हे कळलं नाही तर माणूस हातचा जातो. बोस्टनच्या 'पार्टनर्स इन हेल्थ' ह्या संस्थेतले डॉक्टर हॅमिश फ्रेझर ह्यांनाही हीच अडचण होती. दोघांनी वेगवेगळं करण्यापेक्षा सगळे एकत्र आले. २००६ साली ते काम एल्डोरेटला सुरू झालं, आणि त्याच वर्षी र्‍वांडातही. पुढं अनेक गरीब देशांत ते पसरलं.

ह्याची खुबी मला फार आवडली. प्रश्न कुठले विचारायचे, हे त्यात कायमचं कोरून ठेवलेलं नाही. मिसळणाच्या डब्यात वाट्या असतात, पण कुठल्या वाटीत मोहरी आणि कुठल्या वाटीत हळद हे ज्याचं त्यानं ठरवायचं. तसंच इथं. क्षयरोगाच्या दवाखान्यानं आपले प्रश्न घालावेत, बाळंतपणाच्या दवाखान्यानं आपले. त्यासाठी सबंध सॉफ्टवेअर नव्यानं लिहावं लागत नाही.

आपल्या जवळचं उदाहरण आहे छत्तीसगडचं. बिलासपूर जिल्ह्यात गनियारी म्हणून गाव आहे. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये शिकलेल्या काही डॉक्टरांनी मोठ्या शहरातली कारकीर्द सोडून तिथं 'जन स्वास्थ्य सहयोग' नावानं रुग्णालय उभं केलं. लांब लांबच्या आदिवासी पाड्यांतून माणसं तिथं येतात. २०१२-१३च्या सुमारास 'थॉटवर्क्स' ह्या कंपनीतल्या संगणकतज्ज्ञांनी ह्या रुग्णालयासाठी ओपन एमआरएसच्या पायावर 'बाहमनी' नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं. त्यात नोंदणी, डॉक्टरांची तपासणी, प्रयोगशाळा, औषधसाठा आणि बिल हे सगळं जोडलेलं आहे. तीन निरनिराळ्या खुल्या प्रणालींची ही मोट आहे. तेही खुलंच ठेवलं, म्हणून पुढं नेपाळमधल्या अच्छाम जिल्ह्यातल्या बयालपाटा रुग्णालयात आणि इतर देशांतही ते पोचलं. एका खेड्यातल्या दवाखान्यासाठी केलेला कागद दुसऱ्या देशातल्या डोंगरातल्या दवाखान्यानं उतरवून घेतला म्हणा ना!

गडचिरोलीचे मणी

पण पडद्याची मांडणी, म्हणजे माणूस आणि यंत्र ह्यांची जिथं गाठ पडते ती जागा, हा काही संगणकाबरोबर आलेला प्रश्न नाही. आपल्या महाराष्ट्रातच ह्याचं एक सुरेख उदाहरण आहे, आणि त्यात वीजसुद्धा लागत नाही.

गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेनं लहान मुलांच्या न्युमोनियावर काम केलं. न्युमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे मिनिटाला श्वास किती होतात ते मोजणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त श्वास झाले तर धोका. पण गावातल्या सुईणी निरक्षर. बऱ्याच जणींना दहा-बाराच्या पुढं मोजता येत नव्हतं. मग काय, त्यांना 'अडाणी' म्हणून सोडून द्यायचं?

बंग दांपत्यानं एक साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यावर हात आला, तर न्युमोनिया. तान्ह्याची ओळ वेगळी, मोठ्या मुलाची वेगळी. १९९२ साली त्यांनी ह्याची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

बघा, सुईणीला शंभरापर्यंत मोजायला शिकवत न बसता त्यांनी मोजायचं साधनच सुईणीच्या मापाचं केलं. पडदा मांडणाऱ्यांनी शिकावा तो धडा हाच.

दुसरं उदाहरण तर प्रत्येकीच्या कपाटात आहे. मुलांच्या लसीचं आणि वजनाचं कार्ड! वजनाचा ठिपका कुठल्या रंगाच्या पट्ट्यात पडला हे पाहिलं की आईला शाळा न शिकताही कळतं, पोर वाढतंय की खंगतंय. वजनाची वाढरेषा दाखवणारं आणि आईनं स्वतःजवळ जपायचं असं कार्ड डॉक्टर डेव्हिड मॉर्ले ह्यांनी नायजेरियातल्या एका खेड्यात काम करताना रूढ केलं, आणि ती कल्पना जगभर गेली. नोंद आईच्या हाती द्यायची, ह्यातला विश्वास मला मोठा वाटतो.

एक जून आणि बाईचं नाव

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. शाळेच्या जुन्या रजिस्टरात एक गंमत दिसते. मुलांचे आजी-आजोबा घ्या, निम्म्यांचा वाढदिवस एक जून! शाळेत घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी सरळ एक जून लिहीत. आमच्या सासऱ्यांचीही तीच. आता संगणक तारीख मागतो आणि ती घातल्याशिवाय हलत नाही. मग पुन्हा एक जून! ओपन एमआरएसमध्ये मात्र 'ही तारीख अंदाजाची आहे' अशी खूण करून ठेवता येते. म्हणजे पुढच्या डॉक्टरांना कळतं की ह्या आकड्यावर फार विसंबू नये.

आणि आपल्या बायकांचं काय? आपलं तर नावच बदलतं. माहेरी वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, लग्नानंतर नवऱ्याचं. कुणाचं पाळण्यातलं नावही सासरी बदललेलं. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी. शिवाय कुठं नाव आधी, कुठं आडनाव आधी. संगणकाच्या लेखी ह्या तीन निरनिराळ्या बायका! एकीला रक्त दिलेलं, दुसरीला साखर झालेली, तिसरीचं सिझेरियन. प्रत्यक्षात ती एकच बाई बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. पुरुषाच्या नावाला हा घोळ सहसा नसतो, म्हणून मांडणी करणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

हे मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ह्या प्रणालीत एका व्यक्तीला एकाहून जास्त नावं ठेवता येतात, आणि चुकून दोन नोंदी झाल्या असतील तर त्या एकत्र करता येतात. सोय आहे, पण "बाई, माहेरचं नाव काय?" असं विचारणारं कुणीतरी हवं. ते काम संगणक करत नाही.

'उपाशी' आणि 'उपवास'

मांडणी म्हणजे नुसते चौकोन आणि रंग नव्हेत. शब्दही आलेच. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींना साखर तपासायची होती. चिठ्ठीवर छापलं होतं 'फास्टिंग'. मुलानं सांगितलं, "आई, उपास करून जायचंय." नेमकी चतुर्थी होती. वहिनी साबुदाण्याची खिचडी खाऊन, वर कपभर दूध पिऊन गेल्या. साखर चढलेली निघाली आणि घरभर घबराट! 'सकाळी चहासुद्धा न घेता, रिकाम्या पोटी या,' असं मराठीत छापलं असतं तर?

भाच्यानं सरावासाठी मला दवाखान्यातले पंचवीसेक इंग्रजी शब्द दिले, मराठी करायला. मला वाटलं, पोळ्या लाटता लाटता होतील. कसचं काय! 'डिस्चार्ज' म्हणजे घरी सोडणं, आणि बायकांच्या तपासणीत तोच शब्द अंगावरून जाण्याला. एकच मराठी शब्द दोन्हीकडे चिकटवला तर अनर्थ. 'कम्प्लेंट' म्हणजे 'तक्रार' लिहावं, तर आजी म्हणतील, "नाही बाई, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही." 'रिपोर्ट निगेटिव्ह' वाचून तोंडचं पाणी पळालेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि ती तर आनंदाची बातमी असते.

आणि 'अ‍ॅलर्जी'? आपल्याकडे किती छान शब्द आहे, वावडं. "कुठल्या औषधाचं वावडं आहे का? पूर्वी कुठली गोळी, इंजेक्शन सोसलं नव्हतं का? अंगावर काही उठलं होतं का?" असं विचारलं असतं, तर सासूबाईंनी वाईच्या डॉक्टरांसकट सगळी कथा सांगितली असती. 'अ‍ॅलर्जी आहे का' ह्यावर त्या प्रामाणिकपणे 'नाही'च म्हणाल्या असत्या! म्हणजे पडद्यावर तिसरा दरवाजा असूनही, प्रश्न त्यांच्या भाषेत नसता तर चूक झालीच असती. हे लक्षात आलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

खुल्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरचे शब्द वेगळ्या यादीत ठेवलेले असतात, म्हणजे ज्याला आपल्या भाषेत करायचे त्यानं करावेत. ओपन एमआरएसची भाषांतरं अशीच अनेक देशांतल्या स्वयंसेवकांनी केली आहेत. हे काम इंजिनियरचं कमी आणि भाषा जाणणाऱ्याचं जास्त. आपल्यातल्या किती तरी शिक्षिका, परिचारिका, आशाताई हे उत्तम करतील.

एक सावधगिरीही सांगते. सूचना फार झाल्या तरी उपयोग नाही. कुकर दर मिनिटाला शिट्टी देऊ लागला तर आपण तिकडं लक्ष देणं सोडून देतो. तसंच दर गोळीला लाल पाटी दाखवणाऱ्या पडद्याचं होतं. डॉक्टर न वाचता ती बंद करतात, आणि खरी धोक्याची पाटी त्यात निघून जाते. थोडं आणि महत्त्वाचं तेवढंच दाखवावं.

संगणक बंद पडला तर?

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधल्या संगणकांवर हल्ला झाला. देशातलं एवढं मोठं रुग्णालय, पण जवळजवळ दोन आठवडे तिथं कितीतरी कामं हातानं, कागदावर करावी लागली. तेव्हा संगणक आला म्हणून आपल्या घरचे कागद रद्दीत घालू नका.

सरकारनं २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केलं. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी 'आभा' क्रमांक काढता येतो. तो ऐच्छिक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. निरनिराळ्या रुग्णालयांतल्या नोंदी ह्या क्रमांकाला जोडता येतात. नोंदी त्या त्या रुग्णालयाकडेच राहतात, आणि आपण मोबाइलवर संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. संमती विचारली की काय विचारलंय ते वाचून मगच 'हो' म्हणा. आणि लक्षात ठेवा, मूळ नोंदीत 'अ‍ॅलर्जी – नाही' असं चुकीचं लिहिलं असेल, तर ती चूकच आता दहा ठिकाणी दिसेल.

घरची आरोग्यवही

म्हणून मी आता एक दोनशेपानी वही केली आहे. प्रत्येकीनं करावी असं सुचवते.

१. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी पानं ठेवा. वर पूर्ण नाव. बायकांच्या पानावर माहेरचं नावही. जन्मतारीख नक्की नसेल तर 'अंदाजे' असं लिहा.

२. पहिल्या ओळीत लाल शाईनं न सोसणारं औषध लिहा, आणि पूर्वी काय झालं होतं तेही (पुरळ, सूज, दम). काहीच नसेल तर 'विचारून खात्री केली, नाही' असं लिहून तारीख घाला.

३. त्याखाली रक्तगट, जुने आजार, ऑपरेशनं आणि बाळंतपणं, सालासकट.

४. रोजची औषधं लिहिताना पाकिटावरचं घटकद्रव्याचं नाव आणि मिलिग्रॅम उतरवा. 'सकाळची पिवळी गोळी' असं लिहू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो. गोळ्या कापून घ्यायच्या झाल्या तर नाव आणि मुदत असलेली बाजू शेवटपर्यंत राखा.

५. हृदयाच्या आलेखाची गुळगुळीत पट्टी काही महिन्यांत पुसट होते. तिची लगेच झेरॉक्स काढा. तिला लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं ती काळी पडते.

६. रिपोर्टाचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पण घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही ते असू द्या. आजारी पडणारी आपणच असलो तर?

७. दाखल करताना छापील कागद हातात आला की तिथंच उभं राहून वाचा. अ‍ॅलर्जीची ओळ आधी. चुकीची असेल तर नम्रपणे सांगा, "हे बदलून द्या." मागं रांग असली तरी संकोच करू नका.

८. तपासताना डॉक्टरांची नजर पडद्यावर असेल तर गप्प बसू नका. "डॉक्टर, एक सांगायचं राहिलं," एवढं म्हटलं तरी मान वर होते.

वही पुरी झाल्यावर मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून आपलं पान पाहिलं, आणि म्हणाल्या, "सूनबाई, शाई जरा फिक्की आहे. वाईच्या डॉक्टरांची चांगली ठसठशीत होती."

मी दुकानात जाऊन नवं लाल पेन आणलं आणि ती ओळ पुन्हा गिरवली. 'सल्फा सोसत नाही.' पुढच्या महिन्यात त्यांचा मोतिबिंदू काढायचा आहे. ह्या वेळी काउंटरवर वही आधी ठेवणार आहे, नाव मागाहून सांगीन.